औषधांच्या समभागांचे पारखी

१९८० सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेला सकाळी न्यूयॉर्कच्या बाजारात जेनेंटेक नावाच्या, जेमतेम साडेचार वर्षे वयाच्या एका कंपनीचे दहा लाख समभाग प्रत्येकी ३५ डॉलर या दराने विक्रीस आले, आणि तासाभरात त्यांचा भाव ८८ डॉलरांवर जाऊन पोहोचला. बाजार बंद होताना तो ७१ डॉलरांच्या आसपास स्थिरावला होता. या कंपनीचे एकही औषध त्या दिवशी रुग्णांना विकत मिळत नव्हते. तिने जीवाणूंकडून करवून घेतलेले मानवी इन्सुलिन प्रत्यक्ष मंजूर व्हायला आणखी दोन वर्षे जायची होती. तिचा नफा नाममात्र, कारखाना नाममात्र, आणि मुख्य मत्ता म्हणजे काही शास्त्रज्ञांची डोकी व त्यांच्या नावावरचे संशोधन. असे असता तिची किंमत ३५ डॉलर का, ८८ का, आणि ७१ तरी का, या प्रश्नाला त्या दिवशी वॉल स्ट्रीटवरच्या कोणाही जाणत्यापाशी हिशेबाने सिद्ध करता येईल असे उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्याच्या खटपटीतून पुढील चाळीस वर्षांत एक स्वतंत्र पेशा उदयास आला. जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या समभागांची पारख करणाऱ्या विश्लेषकांचा हा पेशा आज आपल्याकडील वाणिज्य आणि अर्थशास्त्र शाखांच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना खुणावतो आहे, आणि आपण विज्ञान शिकलो नाही या एकाच विचाराने त्यांपैकी पुष्कळजण उमेदवारीचा अर्ज करण्यापूर्वीच माघार घेतात. ती माघार कितपत रास्त आहे हे ठरवायचे तर या पेशाचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

समभागांची पारख हा व्यवसाय मुळात हिशेबनिसांचा. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या दलालपेढ्यांत जे लोक हे काम करीत त्यांना संख्याशास्त्री म्हणण्याचा शिरस्ता होता. रेल्वे कंपन्यांचे उत्पन्न, त्यांची कर्जे, त्यांचे लाभांश यांचे आकडे वह्यांत उतरवून ठेवणे एवढेच त्यांचे कर्तव्य, आणि त्यांचे स्थान कारकुनांच्या फारसे वर नसे. बेंजामिन ग्रॅहॅम १९१४ साली कोलंबिया विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तिन्ही विभागांनी त्याला अध्यापनाची जागा देऊ केली होती. अर्थव्यवहाराचे शिक्षण मात्र त्याने घेतलेले नव्हते. तो वॉल स्ट्रीटवर गेला, तिथल्या कारकुनीतून वर आला, आणि १९३४ साली डेव्हिड डॉड यांच्या सहकार्याने त्याने ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा ग्रंथ लिहून या कारकुनीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. ग्रॅहॅमची शिकवण महामंदीच्या राखेतून निघालेली असल्यामुळे तिचा सगळा भर सिद्ध झालेल्या गोष्टींवर होता: कंपनीजवळ आज काय आहे, गेल्या दहा वर्षांत तिने काय मिळवले, संकट आले तर भागधारकाच्या हाती काय उरेल. भविष्यातल्या नफ्याची भाषा करणाऱ्याकडे तो संशयाने पाहत असे.

भविष्यातल्या वाढीकडे पाहणारी पारख पुढच्या पिढीत आली. १९५९ साली डोनाल्डसन, लफकिन आणि जेनरेट या तीन तरुणांनी पेढी काढली आणि लहान, वाढत्या कंपन्यांविषयी प्रदीर्घ अहवाल लिहून ते मोठ्या संस्थांना पुरवण्याचा उपक्रम चालवला. १ मे १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बाजारातील ठरीव दलालीची पद्धत रद्द झाली. तत्पूर्वी दलालीच्या घसघशीत उत्पन्नात संशोधनाचा खर्च मुकाट्याने सामावून जाई. तत्पश्चात प्रत्येक विश्लेषकाला आपल्या शब्दाचे मोल दाखवून द्यावे लागले. जेनेंटेकचे समभाग बाजारात आले ते या स्थित्यंतरानंतर पाचच वर्षांनी. म्हणजे ग्रॅहॅमचे शास्त्र हाताशी होते, अहवाल लिहिण्याची विद्या पक्व झाली होती, परंतु ज्या वस्तूवर ती चालवायची त्या वस्तूला गतकाळच नव्हता.

या अडचणीतून बाहेर पडण्याची वाट कंपनीच्या जन्मकथेतच दडलेली होती. रॉबर्ट स्वॉन्सन हा रसायनशास्त्राची पदवी घेतलेला, परंतु साहसी भांडवलाच्या व्यवसायात रमलेला अठ्ठावीस वर्षांचा तरुण १९७६ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठात हर्बर्ट बॉयर या जीवरसायनशास्त्रज्ञाला भेटायला गेला. मिळालेली वेळ दहा मिनिटांची होती. बोलणे जवळच्या मद्यगृहात तीन तास चालले, आणि त्यातून एप्रिलमध्ये कंपनीची स्थापना झाली. क्लायनर आणि पर्किन्स यांच्या पेढीने प्रथम एक लाख डॉलर दिले. येथे टॉम पर्किन्स यांनी जी युक्ती योजली तिच्याकडे माझ्या मते या पेशाच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. स्वतःची प्रयोगशाळा बांधण्याची घाई करू नका, असे त्यांनी सुचवले. काम विद्यापीठांच्या व संशोधनसंस्थांच्या प्रयोगशाळांकडून करारावर करून घ्या, आणि सर्वांत मोठी शंका सर्वांत स्वल्प खर्चात आधी निकालात काढा. त्याप्रमाणे इन्सुलिनच्या आधी सोमॅटोस्टॅटिन हे अगदी लहान प्रथिन निवडले गेले, ते १९७७ साली जीवाणूंकडून तयार करवून घेण्यात आले, आणि मगच पुढचे भांडवल ओतले गेले. पर्किन्स हे शिक्षणाने विद्युत अभियंते. जनुकशास्त्र त्यांचे क्षेत्र नव्हे. अनिश्चिततेचे टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याला त्याची किंमत लावावी आणि एक टप्पा सर झाल्यावाचून पुढच्याचे पैसे मोजू नयेत हा विचार त्यांनी व्यवहारबुद्धीने केला, आणि आज प्रत्येक विश्लेषकाच्या गणिताचा पाया तोच आहे.

वॉल स्ट्रीटवरचे पहिले जैवतंत्रज्ञान-विश्लेषक औषध कंपन्यांच्या मेजांवरून आले. ई. एफ. हटन या पेढीतले औषधउद्योगाचे विश्लेषक नेल्सन श्नायडर यांनी १९७९ सालीच जनुकांच्या या नव्या विद्येकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वेधले होते. पुढच्याच वर्षी जूनच्या १६ तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की मनुष्याने घडवलेल्या सजीवावरही पेटंट मिळू शकते. ज्यांच्या अर्जावरून हा खटला उभा राहिला ते आनंद मोहन चक्रवर्ती हे बंगालमधल्या सैंथिया गावी जन्मलेले, आणि त्यांचा सजीव म्हणजे खनिज तेल पचवणारा जीवाणू. या निकालाने कल्पनेला मालमत्तेचा दर्जा मिळाला, आणि मालमत्ता म्हटली की तिची किंमत ठरवणारा आलाच. १९८१ च्या मार्चमध्ये सीटस या कंपनीने दहा कोटी डॉलरांहून अधिक भांडवल बाजारातून उभे केले. अमेरिकेच्या इतिहासातली ती त्या वेळची सर्वांत मोठी पहिली भागविक्री होती. १९८३ च्या जानेवारीत हॅम्ब्रेक्ट अँड क्विस्ट या पेढीने सॅन फ्रान्सिस्कोत आरोग्यक्षेत्रातील कंपन्यांची परिषद भरवली. नाव आणि मालक बदलून ती दर जानेवारीला अद्यापही भरते.

या पहिल्या दशकातील अहवालांत शास्त्राविषयीची श्रद्धा उदंड होती. कंपनीच्या सल्लागार मंडळावर नोबेल पारितोषिक मिळालेले कोण आहेत, कोणत्या नियतकालिकात शोधनिबंध आला, याच गोष्टींना किंमत लावली जाई. जी विद्या आपल्याला अवगत नाही तिच्यापुढे नतमस्तक व्हावे हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु औषधाचे भवितव्य ज्या ठिकाणी ठरते ते ठिकाण प्रयोगशाळेच्या पुष्कळ पुढे, रुग्णाच्या खाटेपाशी असते, आणि तिथे जी विद्या लागते तिचा इतिहास निराळा आहे. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

१८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला आणि सरकारच्या सांगण्यावरून वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे जीवाणुशास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार करण्याच्या कामाला लागले. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, तिथे प्लेग शिरल्यावर, जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना टोचली. एकाच आवारात राहणारे, एकच अन्न खाणारे दोन गट, आणि दोहोंतील आजारी व मृत यांची निराळी नोंद, असा तो हिशेब होता. त्यात एक उणीव होती: स्वखुशीने पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी हे मुळातच भिन्न प्रकृतीचे असू शकतात. पुढील वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधील जी संस्था आज हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते ती याच कामातून वाढली.

ज्या वर्षी भायखळ्यात हा प्रयोग झाला त्याच वर्षी, १८९७ साली, इंग्लंडमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा जन्म झाला. वडिलांप्रमाणे वैद्य होण्याची त्यांची मनीषा होती. परंतु पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून गेले असता त्यांना क्षय जडला, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले, आणि वैद्यकाचे शिक्षण अशक्य झाल्यामुळे त्यांनी घरबसल्या लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी १९२२ साली मिळवली. याच गृहस्थांनी पुढे क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीची आखणी केली. युद्धोत्तर ब्रिटनजवळ डॉलर नव्हते, औषध अत्यल्प होते, सर्वांना देणे शक्यच नव्हते. तेव्हा कोणाला द्यावे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता मोहोरबंद लिफाफ्यांतील यदृच्छ क्रमावर सोपवावे असे हिल यांनी ठरवले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात एकूण १०७ रुग्णांची नोंद आहे. औषध मिळालेल्या ५५ पैकी सहा महिन्यांत ४ दगावले. न मिळालेल्या ५२ पैकी १४. औषधे पारखण्याची जी कसोटी आज जगभर प्रमाण मानतात ती एका अर्थशास्त्राच्या पदवीधराने आखलेली आहे, ही गोष्ट वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मनात जपून ठेवण्यासारखी आहे.

थॅलिडोमाइड या औषधाच्या भीषण अनुभवानंतर अमेरिकेने १९६२ साली कायदा करून असे बंधन घातले की औषध निर्धोक असून भागणार नाही. ते गुणकारी आहे हे सुनियोजित चाचण्यांनी सिद्ध केले पाहिजे. तीन टप्प्यांच्या चाचण्यांची आजची रीत या कायद्याच्या अंमलातून रूढ झाली. त्यामुळे जैवतंत्रज्ञान कंपनीच्या आयुष्यातील निर्णायक घटना ही एका सरकारी कार्यालयापुढे मांडलेला दस्तऐवज ठरली. दस्तऐवज म्हटला की तो वाचता येतो, ताडून पाहता येतो, आणि कालच्या दस्तऐवजाशी त्याचा मेळ बसतो की नाही हे पाहता येते. ही विद्या मुनिमाची आहे, वकिलाची आहे, जुन्या दप्तरातील रुमाल सोडून बसणाऱ्या इतिहाससंशोधकाचीही आहे.

सेंटोकॉरच्या प्रकरणात ही गोष्ट जितकी लख्ख दिसते तितकी अन्यत्र क्वचित दिसेल. पेन्सिल्व्हेनियातील या कंपनीने सेंटॉक्सिन नावाचे प्रतिपिंड तयार केले होते. जंतुसंसर्गाने सर्व शरीराचा तोल ढासळतो, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण दोन-चार दिवसांत दगावतो, अशा सेप्सिसवरचे ते औषध. यावर दुसरा खात्रीचा उपाय नसल्यामुळे एका मात्रेला साडेतीन हजार डॉलरांहून अधिक किंमत मिळेल असा हिशेब बांधलेला होता. १९९१ च्या फेब्रुवारीत चाचणीचा निबंध एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला. ग्रॅम-निगेटिव्ह जातीचे जीवाणू रक्तात सापडलेल्या रुग्णांत खोटे औषध मिळालेल्यांपैकी ४९ टक्के आणि सेंटॉक्सिन मिळालेल्यांपैकी ३० टक्के मृत्यू पावले होते. हे आकडे पाहून बाजार हर्षभरित झाला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनेही अनुकूल मत दिले, आणि युरोपात तर विक्री सुरूही झाली.

परंतु त्याच निबंधात, कोणालाही वाचता येईल अशा ठिकाणी, दुसरेही आकडे होते. चाचणीत घेतलेले रुग्ण ५४३ होते. लाभ दिसला तो त्यांपैकी २०० जणांत. उरलेल्या ३४३ जणांत लाभ दिसला नव्हता, आणि सर्वांचा एकत्रित हिशेब केला तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नव्हता. आता रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टराचा विचार करा. रक्तात कोणता जीवाणू आहे याचा निर्वाळा प्रयोगशाळेकडून येण्यास एक-दोन दिवस लागतात, आणि औषध द्यायचे ते आज, या घटकेला. म्हणजे औषधाची किंमत पाचही जणांकडून घ्यायची आणि गुण येण्याचा संभव मात्र दोघांना, तेही ते दोघे कोण हे अगोदर न कळता. हा प्रश्न विचारण्यास प्रतिपिंडाची रेणुरचना ठाऊक असावी लागत नाही. छेद कोणता धरला आहे हे पाहण्याची सवय असावी लागते. पुढे प्रशासनाच्या तपासणीत याहून गंभीर बाब उघडकीस आली. चाचणी चालू असतानाच अर्धवट निकाल कंपनीच्या माणसांच्या दृष्टीस पडले होते, आणि विश्लेषणाची आखणी त्यानंतर बदलली गेली होती. मूळ आखणीत मृत्यूची गणना चौदाव्या दिवसापर्यंत करायची होती, प्रसिद्ध झालेली गणना अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतची होती. १९९२ च्या एप्रिलमध्ये प्रशासनाने मंजुरी नाकारल्याचे जाहीर होताच समभाग एका दिवसात सुमारे ४० टक्क्यांनी कोसळला. १९९३ च्या जानेवारीत दुसरी चाचणीही थांबवावी लागली, कारण ज्यांच्या रक्तात ते विशिष्ट जीवाणू नव्हते अशा रुग्णांत औषध घेणाऱ्यांचेच मृत्यू अधिक दिसू लागले होते. या साऱ्या प्रकरणात आर्थिक नुकसान हा भाग गौण आहे; ज्या रुग्णांवर ते औषध चालले त्यांचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते, आणि आकडे नीट वाचणे हे नैतिक कर्तव्य आहे याची जाणीव होते. कंपनी स्वतः तगली, तिच्या पुढच्या औषधांनी असंख्य रुग्णांना आराम दिला, आणि १९९९ साली जॉन्सन अँड जॉन्सनने ती सुमारे ४.९ अब्ज डॉलरांना विकत घेतली.

अशा आघातांनंतर दलालपेढ्यांनी वैद्यकाच्या आणि जीवशास्त्राच्या पदव्या असलेली माणसे मोठ्या संख्येने घेण्यास आरंभ केला, आणि ते योग्यच झाले. डॉक्टर-विश्लेषकाला रुग्ण ठाऊक असतो, एखाद्या दुष्परिणामाचे गांभीर्य त्याला चटकन उमगते. त्याची ही बाजू हिशेबनिसाला केवळ पुस्तके वाचून कधीही पूर्णपणे साधणार नाही. तथापि त्याच काळात गणिताची बाजूही परिपक्व झाली. भावी नफ्याला प्रत्येक टप्प्यावर यशाच्या संभाव्यतेने गुणावे आणि मग त्याचे आजचे मूल्य काढावे, ही पर्किन्स यांच्या युक्तीचीच सुसंस्कृत आवृत्ती सर्वत्र रूढ झाली. २००६ ते २०१५ या दशकातील चाचण्यांचा जो मोठा आढावा अमेरिकेतील जैवतंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने प्रसिद्ध केला त्यानुसार पहिल्या टप्प्यात शिरलेल्या औषधांपैकी मंजुरीपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण ९.६ टक्के होते, आणि सर्वांत अवघड पायरी दुसऱ्या टप्प्याची, ती ३०.७ टक्केच ओलांडत. दहातील नऊ औषधे वाटेतच सुटतात हे ज्याला ठाऊक आहे तो व्यवस्थापनाच्या रंगतदार भाषणाने सहसा वाहवत जात नाही.

पेशाच्या प्रामाणिकपणालाही मध्यंतरी कलंक लागला. भागविक्रीचे काम मिळावे म्हणून अनुकूल अहवाल लिहिण्याची जी खोड विश्लेषकांना जडली होती तिच्याबद्दल २००३ साली दहा मोठ्या पेढ्यांना मिळून सुमारे १.४ अब्ज डॉलर मोजावे लागले, आणि संशोधन व भागविक्री यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. त्याहूनही दूरगामी बदल दप्तरे खुली झाल्याचा. १९९६ पासून अमेरिकेतील कंपन्यांची अधिकृत विवरणे संगणकावर कोणालाही पाहता येऊ लागली. २००० साली चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली, आणि चाचणी कशासाठी, किती रुग्णांवर, कोणत्या मोजमापाने हे आरंभीच लिहून ठेवण्याची प्रथा पडली. त्या नोंदीत मागाहून केलेली दुरुस्तीही तारखेसह दिसते. सेंटोकॉरच्या वेळी जी गोष्ट प्रशासनाच्या तपासणीतून बाहेर आली, तशा गोष्टीचा सुगावा आज पुण्याच्या वसतिगृहात बसलेल्या विद्यार्थ्यालाही लागू शकतो.

मुंबईचा या व्यवसायाशी प्रत्यक्ष संबंध १९९२ साली परदेशी गुंतवणूक संस्थांना आपल्या बाजाराचे दार उघडल्यानंतर जडला. विदेशी पेढ्या आल्या, त्यांच्याबरोबर अहवाललेखनाची त्यांची शिस्त आली. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूयॉर्क-लंडनच्या पेढ्यांनी मुंबईत साहाय्यक मेजे थाटली, जिथे आपल्याकडील वाणिज्य पदवीधर आणि सनदी लेखापाल अमेरिकेतील कंपन्यांची प्रतिमाने रात्र जागवून अद्ययावत करू लागले. २००४ साली बायोकॉनची भागविक्री झाली तेव्हा मागणी तीस पटींहून अधिक आली. पुढे २०१४ साली सेबीने संशोधन-विश्लेषकांसाठी नियम केले, त्यांत अर्थशास्त्र, वाणिज्य, लेखाशास्त्र, वित्त, व्यवस्थापन या विषयांतील पात्रता नमूद केली. जीवशास्त्राची पदवी असल्याची अट त्यात नव्हती.

तेव्हा उमेदवाराने तयारी कशी करावी? उन्हाळी उमेदवारीच्या आठ-दहा आठवड्यांत त्याच्याकडे येणारे काम बहुधा असे असते: कंपनीच्या तिमाही विवरणातील आकडे तक्त्यात भरणे, हाती असलेली रोकड आजच्या खर्चाने किती महिने पुरेल हे काढणे, कोणत्या चाचणीचा निकाल कधी अपेक्षित आहे याची तारीखवार यादी ठेवणे, परिषदेतील भाषणांचे टिपण करणे. यांतील रोकडीचा हिशेब तर वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे माहेरघर आहे. ज्या कंपनीला उत्पन्न नाही तिच्या ताळेबंदातली ती एक ओळ भागधारकाचे भवितव्य ठरवते, कारण रोकड सरली की नवे समभाग काढावे लागतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. शास्त्राच्या बाबतीत मात्र सर्व जीवशास्त्र गिळून टाकण्याचा अट्टहास करू नये. तो महिन्या-दोन महिन्यांत सिद्धीस जाणारा नाही, आणि मुलाखतीत उसनी परिभाषा फेकणारा उमेदवार दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. एकच रोग निवडावा. तो कोणाला होतो, आज त्यावर काय देतात, त्या उपचारात उणे काय, हे समजून घ्यावे. त्या रोगावर मंजूर झालेल्या एका औषधाचे अधिकृत माहितीपत्रक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावे, अडलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवावा, आणि मग त्याच औषधाविषयी प्रशासनाच्या परीक्षकांनी लिहिलेली टिपणे काढून कंपनीचे म्हणणे व परीक्षकाचे म्हणणे समोरासमोर ठेवावे. ही टिपणे रुक्ष असतात, शेकडो पृष्ठांची असतात. परंतु विचारी माणूस पुराव्याकडे कसा पाहतो हे त्यांच्याइतके स्वच्छपणे कोणतेही पाठ्यपुस्तक शिकवत नाही. जिथे प्रश्न औषध शरीरात नेमके कसे काम करते असा येईल तिथे आपल्याला कळत नाही असे सरळ सांगावे आणि ज्याला कळते अशा डॉक्टराला विचारावे.

ज्या विद्यार्थ्यांना या उमेदवारीची ओढ आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे की मूल्यमापनाची सूत्रे पाठ करण्याआधी त्यांनी सेंटॉक्सिनच्या चाचणीचा १९९१ चा तो निबंध मिळवावा, त्यातील कोष्टके कागदावर उतरवून घ्यावीत, ५४३ आणि २०० या दोन आकड्यांवर एक संध्याकाळ घालवावी, आणि त्या वेळी आपण हा समभाग घेण्याची शिफारस केली असती काय याचे उत्तर कारणांसह दोन पृष्ठांत लिहून काढावे. अर्जासोबत पाठवण्यास त्याहून चांगला लेखनाचा नमुना मला सुचत नाही.